‘घाईत गळ्यात मारला’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एका पायाचा स्टँड, भिगवणला पहिल्याच दिवशी घसरला, फोटो हलले आणि परत आणल्यावर आम्ही घेतला नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमची ट्रिप वाया गेली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काउंटरवरचा मुलगा चढ्या आवाजात बोलला असेल तर त्याचीही.

पण ‘दुकान बंद करायच्या घाईत गळ्यात मारला’ हे फार लागलं. शनिवारी तुम्ही आलात तेव्हा नऊला दहा कमी होते. आम्ही नऊला शटर ओढतो, त्या दिवशी पावणेदहा झाले. मी स्वतः तीन मोनोपॉड उघडून तुमच्या हातात दिले. पहिला प्रश्न विचारला, लेन्स कोणती? तुम्ही म्हणालात ७०-३०० एमएमची झूम. ती पाऊण किलोच्या आसपास, म्हणून तीन किलो पेलणारा २,४०० चा दिला. ४,८०० चा फ्लिप लॉकवाला (खटक्याने नळी आवळणारा) मागच्या कपाटातच होता. गळ्यातच मारायचा असता तर तो काढला नसता का?

भिगवणला तुम्ही भाड्याची १५०-६०० ची मोठी लेन्स नेलीत, तुम्हीच टाकलेल्या फोटोत दिसतेय. ती एकटीच दोन किलोची, बॉडी धरून पावणेतीन. त्यात मोनोपॉड लावलाय कॅमेऱ्याच्या तळाला आणि लेन्स पुढे लोंबतेय. एवढ्या मोठ्या लेन्सला स्वतःची कॉलर, म्हणजे पाय असलेलं कडं, असते; मोनोपॉडचा स्क्रू तिच्या पायात बसवायचा, म्हणजे वजन मधोमध येतं. हे त्या रात्री मी बोललो नाही, कारण बहुतेक ७०-३०० ला कॉलरच नसते. मोठ्या लेन्सचं कळलं असतं तर नक्की बोललो असतो.

फोटो हलण्याचं म्हणाल, तर मोनोपॉड होडीच्या तळाला टेकवला की होडीचा प्रत्येक हेलकावा वर कॅमेऱ्यापर्यंत येतो. होडीत तो मांडीवर नाहीतर बुटावर टेकवावा. आणि उडते फ्लेमिंगो पकडायला कॅमेऱ्याच्या शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद लागतो, मोनोपॉड कितीही भारी असला तरी.

परत न घेण्याचं कारणही सांगतो. तुमच्यासमोरच खालचा ट्विस्ट लॉक पिळून उघडला, तर आत उजनी धरणाचा काळा गाळ, बोटाला चिकटणारा. गाळ आत गेला की कितीही आवळा, नळी सरकणारच. ‘खालची बारीक नळी पाण्यात बुडवू नका’ हे मी दोनदा सांगितलं होतं, सर. तो नवा म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात कसा देऊ?

बावीस वर्षं याच गल्ल्यावर घर चालतंय. आता माणसं रिव्ह्यू बघूनच पायरी चढतात, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. यापुढे मुलांना नीट समजावून सांगायला लावू, परतीच्या नियमांचंही काहीतरी करतो. तुमचा मोनोपॉड घेऊन या, लॉक साफ करून देतो, पैसे घेणार नाही. येताना ती मोठी लेन्सही आणा, कॉलरला लावून दाखवतो. फक्त साडेआठच्या आत या.