मागून बसलेल्या एटीव्हीचं खापर शॉकअपवर फोडू नका

सगळीकडे फिरणारा सल्ला असा: एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलवाली चारचाकी) मागून बसली म्हणजे शॉकअप गेले. मागचं कॅरियर दाबा, गाडी डुलली की खात्री झाली. नवे येईपर्यंत प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी कडी) शेवटच्या खाचेवर ठेवा. या सल्ल्यापायी लोक धडधाकट शॉकअप काढून टाकतात, म्हणून हे लिहितोय.

‘बसली म्हणजे शॉकअप गेले.’ गाडीचं वजन पेलते स्प्रिंग. शॉकअपमधलं तेल तिची उसळी आवरतं, एवढंच. तेल गळालं तर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहील, पण उभ्या उभ्या खाली बसणार नाही. गॅसवाल्या शॉकअपमध्ये गॅसचा थोडा रेटा असतो. तो गेल्याने गाडी चार बोटं खाली येत नाही.

‘दाबून बघा.’ दाबून डुलणं कळतं, बसणं नाही. बसणं मोजावं लागतं. गाडी जॅकवर घ्या, मागची चाकं लोंबू द्या आणि चाकाच्या मध्यापासून सरळ वर चासीवरच्या एका खुणेपर्यंत टेप लावा. मग खाली उतरवून, थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजा. तिसऱ्यांदा चालवणारा आणि नेहमीचं सामान चढवून. आकडे मॅन्युअलशी ताडून बघा.

एकच बाजू खाली असेल तर आधी हवा तपासा. या टायरांत हवा बहुधा 5 पीएसआयच्या आसपास असते, त्यामुळे 2 कमी झाली तरी गाडी कलते. हवा ठीक असेल तर दोन्ही प्रीलोड एकाच खाचेवर आणून शॉकअपची स्प्रिंगसकट अदलाबदल करा. कल दुसऱ्या बाजूला गेला तर दोष स्प्रिंगचा. तिथेच राहिला तर आर्म (चाक चासीला जोडणारा दांडा), त्याच्या सांध्यातला बुश आणि दोन्ही बाजू जोडणारा स्टॅबिलायझर बार बघा. परवा एका गाडीत आर्मचा बोल्ट बुशमध्ये गंजून एकजीव झाला होता. शॉकअप काढला तरी आर्म खाली पडेना, हवेत तसाच. हाताने ढकलला तेव्हा करकरत दोन इंच हलला. तिथे नवे शॉकअप काय करणार?

‘प्रीलोड वाढवा.’ त्याने साधी (सगळीकडे सारख्या वेढ्यांची) स्प्रिंग कडक होत नाही, गाडी नुसती उचलली जाते. फार वाढवलं की चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात ते जमीन सोडतं. स्प्रिंग खरंच थकली असेल तर तीच बदला, दोन्ही बाजूंची. मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) लावल्याशिवाय ती सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडू शकतो.