पोत्यात भरून नेलेली मांजरे : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही आठवडे कोल्हापुरातल्या पेठांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : भटक्या मांजरांची नसबंदी म्हणजे पैशाचा चुराडा आहे, एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख वीस हजार मांजरे होतात, त्यामुळे शस्त्रक्रिया कधीच पुऱ्या पडणार नाहीत, नसबंदी केली तरी गल्लीतली मांजरे कमी होत नाहीत, मुक्या जनावराला पिल्लांपासून तोडणे हे पाप आहे, शस्त्रक्रिया झालेले मांजर उंदीर धरत नाही, म्हणून गल्लीतली मांजरे पोत्यात भरून नदीपलीकडे किंवा मार्केट यार्डाकडे सोडून यावीत, कटकट एका दिवसात मिटेल.

हा संदेश पुढे पाठवणारे लोक निर्दय आहेत, असे मी मानत नाही. रात्री दोन वाजता कौलांवर चाललेली बोक्यांची झोंबाझोंबी, त्यांनी जिन्यात मारलेल्या मुताच्या फवाऱ्याचा उग्र दर्प आणि माळ्यावर दर काही महिन्यांनी विणारी भाटी हा त्रास मीही मंगळवार पेठेत राहून सोसलेला आहे. त्रास खरा आहे, म्हणूनच उपायही टिकणारा हवा.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, असे आपल्याकडे घरोघरी सांगतात. त्या धाकानेच माणसे मांजर मारत नाहीत, नेऊन सोडतात, आणि आपल्या हातून हत्या झाली नाही असे समाधान मानतात. पण मांजर हद्द धरून जगणारे जनावर आहे. कोणत्या घरी कधी उष्टे टाकतात, कोणत्या बोळात कुत्री बसतात, पावसात कोणत्या पत्र्याखाली कोरडे राहते, हे सगळे त्याने आयुष्यभर फिरून शिकलेले असते. अनोळखी जागी सोडल्यावर यातले काहीच त्याच्या उपयोगाचे राहत नाही. तिथली मांजरे त्याला टिकू देत नाहीत, आणि घरची वाट शोधताना ते रस्त्यावर चिरडले जाते किंवा उपासमारीने खंगते. पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत नदीकाठी सोडलेल्या मांजराचे काय होत असेल, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगायला नको. उपासमार किंवा तहान वाट्याला येईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे.

शिवाय गल्लीची कटकटही त्याने मिटत नाही. आमच्या गल्लीतून एका उन्हाळ्यात सहा मांजरे अशीच नेली गेली. दिवाळीपर्यंत पाच नवी मांजरे आली, कारण मटणाच्या दुकानामागचा कचरा होता तिथेच होता आणि त्यावर हक्क सांगणारे कोणी उरले नव्हते. हा काही आमच्या गल्लीपुरता योगायोग नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या जंगलांत मोकाट मांजरे थोड्या थोड्या प्रमाणात मारून पाहिली गेली; २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मांजरे काढलेल्या ठिकाणी त्यांची संख्या घटण्याऐवजी वाढलेली आढळली, आणि रिकाम्या झालेल्या जागेत आजूबाजूची मांजरे आल्याने असे झाले असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. केवळ हटवून मांजरे संपली ती मॅरियनसारख्या समुद्रातल्या बेटांवर. तिथे बाहेरून एकही मांजर येऊ शकत नव्हते आणि तरीही १९९१ पर्यंत वर्षानुवर्षे रोगाचे विषाणू, बंदुका आणि सापळे वापरावे लागले. मंगळवार पेठेला समुद्राचे कुंपण नाही.

चार लाख वीस हजार हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला जातो. नसबंदीचा प्रचार करणारेही तो फलकावर छापतात, आणि त्यांनीही तो सोडून द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक पिल्लू जगते, प्रत्येक मादी सतत विते आणि कोणीच मरत नाही, असे धरल्याशिवाय तो येत नाही. अमेरिकेत मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतली सुमारे पाऊणशे टक्के सहा महिन्यांच्या आत मेली किंवा नाहीशी झाली. अर्थात, मांजर झपाट्याने वाढते हे खरेच आहे. भाटी चार-पाच महिन्यांची असतानाच माजावर येऊ शकते, गाभणपण जेमतेम नऊ आठवड्यांचे असते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहते. तिचा माज दिवसाच्या लांबीवर ठरतो. कोल्हापुरात डिसेंबरातला दिवसही अकरा तासांचा असल्यामुळे थंड देशांत हिवाळ्यात मिळते तशी लांब विश्रांती इथे मिळत नाही. यावरून नसबंदी लवकर करावी एवढेच सिद्ध होते, ती व्यर्थ आहे हे नव्हे.

नसबंदीने संख्या घटत नाही, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि ते झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही. राजारामपुरीत दोन, शाहूपुरीत तीन, कसबा बावड्यात एक अशा विखुरलेल्या शस्त्रक्रिया केल्या, तर त्या सहा जनावरांचे भले होते, पण शहरातल्या मांजरांच्या संख्येवर काहीही परिणाम होत नाही, कारण उरलेल्या माद्या ती तूट सहज भरून काढतात. अमेरिकेतल्या दोन ठिकाणच्या माहितीवरून २००५ साली केलेल्या गणितात, संख्या घटायची तर ७१ ते ९४ टक्के मांजरांची नसबंदी झालेली असावी लागते, असे दिसले होते. म्हणजे संपूर्ण शहर अंगावर घेण्याऐवजी एक गल्ली, एक बोळ, एक मंडई निवडून तिथली जवळजवळ सगळी मांजरे काही आठवड्यांत पुरी करायची आणि नवे मांजर आले की त्यालाही लगेच धरायचे. फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून असेच चिकाटीने काम झाले. १९९५ नंतर तिथे पिल्ले जन्मली नाहीत, आणि १९९६ मध्ये ६८ असलेली मांजरे २००२ पर्यंत २३ वर आली. त्यात बरीच मांजरे घरोघरी दिली गेली होती, हेही सांगितले पाहिजे. पिल्लांना आणि माणसाळलेल्या मांजरांना घर शोधणे हा या कामाचाच भाग आहे. ज्याला एका दिवसात गल्ली रिकामी हवी आहे त्याचे समाधान नसबंदीने होणार नाही. पण बोक्यांच्या मारामाऱ्या, फवारे आणि माजावरचे ओरडणे पहिल्या काही आठवड्यांतच कमी होते, आणि तक्रार मुळात त्याचीच असते.

आता पापाविषयी. मागच्या माघात आम्ही जुन्या वाड्याच्या परसात सापळा लावला होता. मांजरांचे खाणे आदल्या दिवशीच बंद ठेवले होते आणि आत भाजलेली सुकट होती. दार पडल्यावर एक करड्या पट्ट्यांची भाटी जाळीला धडका देऊ लागली. वरून जाड चादर टाकताच काही क्षणांत ती गप्प झाली, कारण अंधारात मांजराला सुरक्षित वाटते. चादरीचे टोक उचलून पाहिले, तर आचळे सुजलेली आणि त्यांभोवतीचे केस झडलेले. माळ्यावर पिल्ले आहेत हे कळताच आम्ही दार उघडले. पाच आठवड्यांनी तिची तीन पिल्ले खाऊ लागल्यावर पुन्हा सापळा लावला आणि ती पुन्हा गाभण राहण्याआधी तिची शस्त्रक्रिया झाली. पूर्ण भूल देऊन बीजांडकोश आणि गर्भाशय काढतात, विरघळणारे टाके घालतात, त्याच भुलीत रेबीजची लस देतात आणि डाव्या कानाचे टोक कापतात, म्हणजे ती पुन्हा सापळ्यात सापडली तरी लांबूनच ओळखू येते. दोन-तीन दिवस देखरेखीत ठेवून तिला त्याच परसात सोडले. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. त्या सात घरांच्या वाटेवर गटारात आणि कुत्र्यांच्या तोंडी गेलेली पिल्ले ज्याने उचलली आहेत, त्याला शस्त्रक्रिया क्रूर वाटणार नाही. एकदा तरी विऊ द्यावे, या समजुतीलाही वैद्यकीय आधार नाही. उलट सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मांजरीला आचळांच्या कर्करोगाचा धोका फारच कमी राहतो.

उंदरांची शंका दोन वाक्यांत संपते. शिकार ही भूक आणि सवय यांची गोष्ट आहे, माजाची नव्हे, आणि आमच्या परसातली कान कापलेली भाटी आजही घुशीची पिल्ले धरते.

याच कारणाने एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. नसबंदी झालेले मांजर पाखरेही मारते, म्हणून रंकाळा किंवा कळंबा तलावाच्या काठी, जिथे पाणपक्षी उतरतात, तिथे मांजरांना खाऊ घालू नये. गल्लीतही खाणे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी घालावे आणि अर्ध्या तासाने भांडे उचलावे. त्याने शेजाऱ्यांची तक्रार राहत नाही, आणि रोज त्या वेळी येणारी मांजरे मोजता व धरता येतात.

आमच्या गल्लीत आता अकरापैकी नऊ मांजरांचे कान कापलेले आहेत. उरलेल्या दोन भाट्या लाकडाच्या वखारीत राहतात आणि संध्याकाळी सातला भांड्यापाशी येतात. येत्या गुरुवारी सापळा तिथे लागेल. बुधवारी वखारीजवळच्या घरांनी त्यांना काही घालू नये, एवढीच विनंती आहे.