ॲक्सेंट बदला, मगच क्लायंटशी बोला?

नोकरीच्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरत असतो. सार असं: मराठी माणसाचं इंग्रजी परदेशी क्लायंटला कळत नाही, कारण आपला हेल. उपाय पाच. ब्रिटिश किंवा अमेरिकन ॲक्सेंट उचला, टी-एचचा उच्चार घोटून घ्या, स्पेलिंगप्रमाणे स्वच्छ बोला, वेग वाढवा आणि रोज इंग्रजी सिनेमे बघा. तक्रार निम्मी खरी आहे. कॉलवर 'सॉरी, कम अगेन?' ऐकावं लागतंच. पण उपाय बरेचसे भलतीकडेच नेतात.

आधी ॲक्सेंट. हेल असणं वेगळं आणि न कळणं वेगळं. कॅनडातले भाषासंशोधक मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी 1995 साली चिनी भाषकांचं इंग्रजी तिथल्या इंग्रजी भाषकांना ऐकवलं. हेल ठळक आहे असं म्हणणाऱ्या श्रोत्यांनीही त्यातली बरीच वाक्यं शब्दन्‌शब्द बरोबर लिहून दिली. शिवाय तुमचा क्लायंट लंडनचाच असेल कशावरून? कॉलवर एक जर्मन आणि एक जपानी असेल, तर उसन्या अमेरिकन 'र'चं ते काय करणार?

टी-एचवर तर वेळच घालवू नका. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या रेडिओ संभाषणात तीनचा अधिकृत उच्चार 'ट्री' आहे आणि हजारचा 'टाउझंड'. जिथे ऐकण्यातली चूक जिवावर बेतू शकते, तिथेच टी-एचला रजा दिलेली आहे. भाषासंशोधक जेनिफर जेन्किन्स यांनी 2000 साली परस्परांना कळण्यासाठी आवश्यक अशा उच्चारांची यादी मांडली, तीतही हा ध्वनी वगळलेला आहे. आपला 'थ' आणि 'द' पुरेसे आहेत.

'स्पेलिंगप्रमाणे बोला' हा सल्ला मात्र नुकसान करतो. रिसीटमधला पी लॅटिनच्या मोहापायी नंतर घुसवलेला, त्याला आवाज नाही. प्लंबरमधला बी गिळायचा. आयटीवाल्यांच्या तोंडचा 'कॅचे' (cache, म्हणजे संगणकातली तात्पुरती साठवण) हा मुळात सरळ 'कॅश' आहे. पण ही किरकोळ चूक झाली. खरी गोची स्पेलिंगमध्ये दिसतच नाही, ती जोराची, म्हणजे शब्दातल्या कोणत्या भागावर भर द्यायचा त्याची.

मराठीत अक्षरं साधारण सारख्या वजनाने पडतात. जोर इकडेतिकडे झाला तरी शब्द तोच राहतो. इंग्रजी ऐकणारा मात्र शब्द ओळखतो तो जोरावरून. इव्हेंटमध्ये जोर 'व्हेंट'वर, हॉटेलमध्ये 'टेल'वर, कमिटीत 'मि'वर, डेव्हलपमेंटमध्ये 'व्हे'वर, आणि बाकीची अक्षरं पुसट. आपण डेव्हलपमेंटचा 'डे' ठोकतो आणि पुढची अक्षरंही तितक्याच ठसठशीत उच्चारतो. समोरचा भलताच शब्द शोधत बसतो. एक्सपोर्ट, इम्पोर्ट, रीफंड, इन्क्रीज हे धंद्यातले रोजचे शब्द घ्या. नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर बहुतेक वेळा दुसऱ्यावर. हैदराबादला आर. के. बन्सल यांनी 1969 मध्येच भारतीय इंग्रजीच्या अभ्यासात चुकीच्या जागी पडणाऱ्या जोराकडे बोट दाखवलं होतं. ऑनलाइन शब्दकोशात उच्चाराच्या खुणांमध्ये एक बारीक उभी रेघ असते. ती ज्या अक्षराच्या आधी, त्यावर जोर. शेजारच्या स्पीकरवर टिचकी मारा, फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, दोन्ही लागोपाठ ऐका.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला जोरदार येणारे पी, टी, के हवेच्या झोतासह सुटतात. आपला 'प' कोरडा, त्यामुळे 'पॅक' त्यांना 'बॅक' ऐकू जाऊ शकतो आणि 'टाउन'चा 'डाउन' होतो. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. 'पॅक' म्हणताना ती हलली पाहिजे. व्ही आणि डब्ल्यूचंही थोडं बघा: व्हीला खालचा ओठ दातांना लागतो, डब्ल्यूला दोन्ही ओठ गोल. बाकी आपल्याकडे शिदोरी बरी आहे. 'बॅट', 'बॉल'मधल्या स्वरांसाठी मराठीत खुणाच आहेत, 'बाजू'तला ज झेडच्या जवळ जातो, आणि 'स्कूल'चं आपण 'इस्कूल' करत नाही.

सिनेमे बघा हवे तर, कान तयार होतो. जीभ आपोआप वळत नाही.

आणि वेग? वेगात आधी शेवटची व्यंजनं गळतात, आणि धंद्यात नेमकी तीच महागात पडतात. 'वी कॅन्ट शिप ऑन फ्रायडे' यातला टी गळला की क्लायंट शुक्रवारी मालाची वाट बघत बसतो. सरळ 'कॅनॉट' म्हणा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'चं तसंच: पंधराचा जोर 'टीन'वर, पन्नासचा 'फिफ'वर. तरी दर सांगताना पुढे 'वन फाइव्ह' जोडा, आणि फोन ठेवल्यावर तोच आकडा मेलवर टाका.