ग्लोव्हजचा तळवा खोबरेल तेलाने टिकत नाही

क्रिकेटचा मोसम तोंडावर आला की गोव्यातल्या खेळाडूंच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश हमखास फिरतो. बॅटिंग ग्लोव्हजचा तळवा दोन मोसम टिकवायचा असेल तर दर सामन्याआधी त्याला खोबरेल तेल चोळा, खेळून आल्यावर कडक उन्हात टाका, महिन्यातून एकदा धुण्याच्या पावडरीत भिजवा, घाम जास्त येत असेल तर आत टाल्कम पावडर घाला. पकड पक्की राहील, नव्या जोडीचे पैसे वाचतील, असं शेवटी आश्वासन. पेडण्यापासून काणकोणपर्यंत मुलांना खेळायला पाठवणारी कितीतरी घरं हे मनापासून पाळतात. ग्लोव्हज काही स्वस्त नसतात. म्हणूनच या सल्ल्यातला एकेक मुद्दा खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी तेल, कारण त्यात थोडं तथ्य आहे. चामड्याला स्निग्धता लागतेच. चांगल्या ग्लोव्हजचा तळवा बहुधा मेंढीच्या मऊ चामड्याचा असतो. ते कमावताना कारखान्यात तंतूंच्या आत विशेष प्रक्रिया केलेलं तेल मुरवतात, त्यामुळे तंतू एकमेकांना चिकटत नाहीत आणि चामडं वाकतं. हे तेल तंतूंना धरून राहतं. आपण वरून चोळलेलं खोबरेल तसं राहत नाही. ते मोकळंच असतं, हाताच्या उबेने पातळ होऊन पुन्हा वर येतं आणि नेमकं तळवा व बॅटचा दांडा यांच्या मधे पसरतं. तेल चोळून पकड वाढेल हे मुळातच उलटं आहे. पुढचं नुकसान दांड्यावरच्या रबरी ग्रिपचं. रबर तेल शोषून फुगतं, मऊ पडतं, गुळगुळीत होतं. त्यात आपल्या मैदानांवरची तांबडी धूळ. डिचोली-सत्तरीकडे खेळणाऱ्यांना ती किती बारीक असते ते सांगायला नको. तेलकट तळव्यावर ती बसली की चामडं आणि दांडा यांच्यात घासकागद ठेवल्यासारखं होतं, आणि तळवा वाचायचा तो लवकर झिजतो.

यष्टिरक्षकांनी तर तेलाचं नावच काढू नये. त्यांच्या ग्लोव्हजचा तळवा रबराचा असतो आणि चेंडू धरला जातो तो त्या रबराच्या जोरावर. ओल्या फडक्याने धूळ पुसली की त्याचं काम झालं.

तळवा चरचरीत कोरडा पडलाच असेल तर नखाएवढं लेदर क्रीम बोटाने चोळावं, हाताने चामडं मळावं, राहिलेलं पुसून टाकावं आणि रात्रभर ठेवावं. सामन्याच्या सकाळी काहीही लावू नये. सनस्क्रीन लावलेले हात न धुता ग्लोव्हज घालणं हेही तेल चोळण्यासारखंच. त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

आता ऊन. उन्हाने वास कमी होतो हे खरं, पण भिजलेलं चामडं झपाट्याने वाळलं की तंतू एकमेकांना चिकटतात आणि तळवा पापडासारखा होतो. मग पुढच्या सामन्यात मूठ आवळताना बोटांच्या मुळाशी बारीक भेगा पडतात. रबराला तर ऊन थेट मारतं. ग्लोव्हज वाळवावेत ते सावलीत, वाऱ्यावर. पडवीत दोरीला बोटं वर, तोंड खाली करून लटकवायचे किंवा पंख्याखाली ठेवायचे. आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे घालून तासाभराने बदलले तर पाणी लवकर ओढलं जातं. गाडीच्या डिकीत बंद किटबॅगेत घामट ग्लोव्हज सकाळपर्यंत ठेवणं मात्र उन्हापेक्षाही वाईट.

त्या संदेशात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, आणि तळवा जातो तो मुख्यतः तिच्यामुळे. ती म्हणजे घामातलं मीठ. घामातलं पाणी उडून जातं, मीठ चामड्यात राहतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाणी सोडतं ते याच कारणाने. जून ते सप्टेंबर गोव्याची हवा बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते. म्हणजे मीठ भरलेला तळवा या महिन्यांत कपाटात ठेवूनही वाळत नाही. मे महिन्यात शेवटचा सामना खेळून ग्लोव्हज तसेच ठेवले की चतुर्थीच्या सुमाराला हिरवी-पांढरी बुरशी दिसते ती इथून येते. नोव्हेंबरनंतर दुसरी तऱ्हा: दुपारी हवा कोरडी, पहाटे दमट, त्यामुळे तेच मीठ रोज विरघळतं आणि पुन्हा खड्यांच्या रूपाने तंतूंमध्ये बसतं. तळव्यावर दिसणारे पांढरे डाग तेच. शिवाय घाम पुन्हा पुन्हा मुरला की कारखान्यात घातलेलं तेलही हळूहळू बाहेर निघतं, आणि चामडं कडक होतं. लोकांना वाटतं चामडं तेलाला भुकेलं आहे. त्याला आधी मीठ काढून हवं असतं.

ते काढायला पावडरीची गरज नाही. साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं तळव्यावरून फिरवायचं, पुन्हा पाण्यात खळबळून पुन्हा फिरवायचं, आणि मग सावलीत वाळवायचं. चामडं जवळजवळ वाळत आलं, किंचित दमट आहे, तेव्हा ग्लोव्हज हातात घालून मूठ उघडझाप करायची, म्हणजे ते मऊ वाळतं. खेळल्यावर त्याच संध्याकाळी हे केलं तर फार वेळ जात नाही. मोसम संपताना हे दोनदा करून, ग्लोव्हज पूर्ण वाळवून, सुती पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही.

धुण्याच्या पावडरीबद्दल एवढंच सांगतो. कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं आणि पावडरीचं पाणी चांगलंच अल्कधर्मी. त्यात भिजवलं की चामड्यातली स्निग्धता निघते, कमावण्याची प्रक्रियाही बिघडते. बोटांवरच्या संरक्षक भरावात शिरलेलं पाणी आपल्या हवेत दिवसेंदिवस निघत नाही ते वेगळंच. एका धुण्यात नवी जोडी जुनी होते.

टाल्कम पावडरीचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो देणारे पकडीसाठीच देतात. टाल्क हे सगळ्यात मऊ खनिजांपैकी एक, आणि त्याचा गुणच मुळी घसरण्याचा. कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकतात ती सोंगटी सरकावी म्हणून. ग्लोव्हजमध्ये ती घामात कालवली जाऊन लगदा होते, हात आतल्या आत फिरतो आणि फलंदाज नकळत दांडा अधिक घट्ट आवळतो. घामाला उपाय म्हणजे सुती इनर, म्हणजे ग्लोव्हजच्या आत घालायचे पातळ हातमोजे, आणि तेही दोन-तीन जोड. ड्रिंक्सला ओले काढून कोरडे घालायचे. शक्य असेल त्याने ग्लोव्हजच्याही दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. एक जोडी रोज ओली राहण्यापेक्षा दोन जोड्यांना पुरतं वाळायला वेळ मिळाला तर त्या मिळून कितीतरी अधिक काळ जातात.

पकडीची निम्मी जबाबदारी तर ग्लोव्हजवर नसतेच. दांड्यावरची रबरी ग्रिप जुनी होऊन चकचकीत झाली की तळवा कितीही चांगला असो, बॅट हातात फिरते, आणि मूठ आवळून धरल्याने चामडं जास्त घासलं जातं. उलट फार खरखरीत नक्षीची ग्रिप तळवा खाते. ग्रिप बदलायला ग्लोव्हजच्या मानाने नाममात्र खर्च येतो, म्हणून दर मोसमाला आधी ती बदलावी.

स्वस्त ग्लोव्हजचा तळवा बऱ्याचदा कृत्रिम चामड्याचा असतो. त्यावरचा पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा, थर ऊब आणि ओल मिळाली की आपोआप तुटत जातो; म्हणूनच न वापरता कपाटात ठेवलेली जोडीही दोन पावसाळ्यांनंतर चिकट होते, तिचे पापुद्रे निघतात. त्यावर तेल, क्रीम कशाचाच उपयोग नाही. म्हापशातल्या पेडे इथल्या हॉकी टर्फवर खेळणाऱ्या मुलांच्या डाव्या हातातल्या ग्लोव्हजलाही हेच लागू पडतं, आणि ते तर टर्फवर मारलेल्या पाण्यानेही भिजतात. खेळून आलं की साध्या पाण्याने पुसून वाऱ्यावर टाकणं एवढंच हाती आहे. असे ग्लोव्हज पुढच्या वर्षासाठी आधीच घेऊन ठेवू नयेत.

तळवा फाटला की ग्लोव्हज टाकायचे, हेही त्या संदेशात गृहीत धरलेलं आहे. तेही चुकीचं. दांड्याचं टोक जिथे घासतं तिथे, मनगटाजवळ, चामडं पातळ झालेलं बोटाला कळतं. भोक पडायच्या आधीच तिथे पातळ मऊ चामड्याचं ठिगळ बाहेरून शिवून घ्यावं. म्हापशाच्या बाजारात किंवा फोंड्यात चप्पल-बॅगा शिवणारा कारागीर हे काम करून देतो. ठिगळ नुसतं चिकटवून घेऊ नये, घामाने ते सुटतं. टाका बारीक आणि सपाट हवा, आतली गाठ तळहाताला टोचता कामा नये, आणि ठिगळाच्या कडा दांड्याच्या दिशेने वर उचललेल्या नसाव्यात. बोटांमधल्या शिवणी उसवून भराव बाहेर दिसू लागला असेल तर मात्र ठिगळाचा विचार सोडावा. त्या ग्लोव्हजने वेगवान गोलंदाजासमोर उभं राहू नये, आणि आपल्या मुलालाही राहू देऊ नये.