मळमळ म्हणजे हार्मोन बिघडलेच, असं नाही

"तरुण मुलीला सारखी मळमळ होतेय? हार्मोन बिघडलेत, पीसीओएसच्या गोळ्या लगेच सुरू करा." हा मेसेज परवा मीही दोन ग्रुपवर टाकला होता. तो चुकीचा आहे. माफ करा.

पीसीओएस म्हणजे बीजांडकोशाशी संबंधित हार्मोनचा विकार. त्याचे निकष २००३ सालीच ठरलेत: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असणं (हनुवटीवर राठ केस वगैरे) आणि सोनोग्राफीत बीजांडकोशात दिसणाऱ्या अनेक बारीक पुटिका. साधारणपणे तीनपैकी दोन गोष्टी हव्यात. मळमळ त्यात कुठेच नाही. उलट पाळीसाठी देतात त्या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेननेच मळमळू शकतं!

माझ्या भाचीच्या बाबतीत कारण निघालं उपाशीपोटी घेतलेली लोहाची गोळी. डॉक्टरांनी ती जेवणानंतर घ्यायला सांगितली, मळमळ थांबली. पित्त, अर्धशिशी, वेदनाशामक गोळ्या हीही नेहमीची कारणं. गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी लघवीची तपासणी, त्यात संकोच नको. थायरॉइड किंवा ॲड्रिनल ग्रंथीच्या आजारातही मळमळ होते, पण ते रक्ततपासणीत कळतं, मेसेजवरून नाही. उलटीत रक्त, पोटात असह्य कळा, पाणीही पोटात न टिकणं, असं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे टाका.