हरकत नाही, पण इथे नको

आमच्या घरात मोबाइलला रेंज येते, परंतु न्हाणीघरातल्या झरोक्यापाशी, स्टुलावर उभे राहून आणि मान डावीकडे कलती ठेवूनच. तेव्हा समोरच्या गच्चीवर अँटेना बसवण्याचा प्रस्ताव आला असता सर्वांत आधी मी पेढे वाटायला हवे होते. प्रत्यक्षात हरकतीच्या अर्जावर पहिली सही माझी होती. शेजाऱ्यांनी कागदाबरोबर पेनही पुढे केले, आणि आयते पेन हातात आले की मला नाही म्हणणे जमत नाही.

सुनावणीला अधिकाऱ्यांनी नियमावलीसह भला मोठा नकाशा मांडला. शाळेपासून अमुक अंतर, रुग्णालयापासून त्याहून अधिक, निवासी इमारतींपासून वेगळे आणि जुन्या वास्तूंच्या तर नजरेससुद्धा पडता कामा नये, अशा एकेका अटीचे वर्तुळ त्यांनी कंपासने काढले. सगळी वर्तुळे पूर्ण झाल्यावर गावात अँटेनेसाठी एकच निर्वेध जागा उरली, ती तळ्याच्या मधोमध होती. त्यावर एका गृहस्थांनी माशांच्या वतीने हरकत नोंदवली.

कंपनीचा अभियंता सोशिक होता. अँटेनेचा मुख्य झोत दीपस्तंभासारखा जवळजवळ आडवा, किंचित खाली झुकलेला जातो, म्हणून तिच्या थेट खालच्या मजल्यावर लहरी क्षीणच असतात. शिवाय झोतातसुद्धा अंतर दुप्पट झाले की तीव्रता एक चतुर्थांशावर येते, हे त्याने फळ्यावर काढून दाखवले. लगेच मागून आवाज आला, ‘‘म्हणूनच लांब न्या!’’ तो म्हणाला, ‘‘टॉवर लांब गेला की तुमचा फोन त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःची शक्ती वाढवतो, आणि फोन तर कानाला लावलेला असतो.’’ सभागृहात क्षणभर शांतता पसरली. मी हळूच फोन खिशातून काढून पिशवीत टाकला.

मग कर्करोगाचा मुद्दा निघाला, तो निघणारच होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘२बी’ गटात, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशांच्या यादीत घातले, हे एका काकूंनी कात्रणातून वाचून दाखवले. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, असे अभियंत्याने सांगताच काकूंनी कात्रणाची घडी घातली. कोरफडीची सर्वांत मोठी कुंडी त्यांच्याच खिडकीत आहे. माझ्या मते शंका विचारण्यात काही गैर नाही, फक्त ती मीटरने मोजता येणाऱ्या तीव्रतेविषयी असावी, कंपासने काढलेल्या अंतराविषयी नव्हे. हे मत मी त्या दिवशी अर्थातच मांडले नाही, कारण सही माझीच पहिली होती.

नव्या पिढीच्या नेटवर्कमधील साडेतीन गिगाहर्ट्झच्या लहरी, ज्यांची लांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर असते, भिंतींपुढे पूर्वीच्या लहरींपेक्षा लवकर नांगी टाकतात, त्यामुळे अँटेना लहान, पुष्कळ आणि जवळजवळ हव्यात, असेही अभियंता म्हणाला. नियमावलीला त्या मोठ्या, थोड्या आणि लांबलांब हव्या होत्या. अखेर तोडगा म्हणून खांबाला झाडाचे रूप द्यावे, असे ठरले. तेव्हा उद्यान विभागाने झाडाची जात विचारली आणि फांदी हलवायची झाल्यास वृक्षतोडीची परवानगी लागेल, असा शेरा मारला. फाईल पुन्हा वर गेली.

काल स्टुलावर उभा असताना फोन वाजला. पलीकडून अधिकारी अदबीने म्हणाले, ‘‘अभिनंदन, आपली हरकत मान्य झाली असून प्रस्ताव...’’ पुढचे ऐकण्यासाठी मी मान आणखी डावीकडे नेली, स्टूल डगमगले आणि रेंज गेली.