अंगण सरळ, तळवे गोल

‘नाचता येईना अंगण वाकडं’ असं म्हणणाऱ्याची एक मोठी सोय असते. अंगण कुणी मोजायला येत नाही. ‘क्रॅश बँडिकूट’ या उड्या मारत पुढे जायच्या व्हिडिओ गेमच्या रिमेकबाबत, म्हणजे नव्यानं बनवलेल्या आवृत्तीबाबत, मात्र लोकांनी खरोखरच अंगण मोजलं.

३० जून २०१७ ला प्लेस्टेशन ४ वर ‘एन सेन ट्रिलॉजी’ आली. १९९६, १९९७ आणि १९९८ चे तीन जुने गेम एकाच पिशवीत, नवे कपडे घालून. दोन-चार दिवसांतच ओरड सुरू झाली की उडी नीट मारूनही क्रॅश, म्हणजे आपण चालवतो तो गेमचा नायक प्राणी, फळीच्या कडेवरून खाली जातो. अशा ओरडीवरचं उत्तर ठरलेलं असतं: गेम तोच आहे, म्हातारी झाली ती तुमची बोटं. निम्म्या लोकांनी ते मुकाट्यानं मान्यही केलं. उरलेल्या निम्म्यांना वय मान्य नव्हतं. त्यांनी जुना गेम आणि नवा गेम शेजारी-शेजारी लावून क्रॅशला कडेवर उभा करून पाहिला, आणि निघालं ते असं की अंगण सरळच आहे. नाचणाऱ्याचे तळवे गोल झालेत.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा छळ इथूनच उगम पावतो. पडद्यावर दिसणारा क्रॅश आणि गेमला ठाऊक असलेला क्रॅश हे दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्याला दिसतात ते दात, भुवया, लाल बूट. गेमला दिसतो फक्त एक अदृश्य ठोकळा, आणि तो जमिनीला टेकला की नाही एवढंच गेम तपासतो. जुन्या गेममध्ये या ठोकळ्याचं बूड सपाट होतं. अर्धा बूट फळीवर आणि अर्धा हवेत असला तरी बूड टेकलेलं, म्हणजे क्रॅश उभा. नव्या गेममध्ये तो ठोकळा औषधाच्या कॅप्सूलसारखा वागतो. खालून गोल. कॅप्सूल टेबलाच्या मधोमध उभी करून सोडली तर कदाचित राहील. कडेवर सोडली तर काय होईल ते सांगायला पदार्थविज्ञान लागत नाही. अर्ध्या बुटाची जागा आता जागा म्हणून धरली जात नाही. क्रॅश कडेला टेकतो, क्षणभर विचार केल्यासारखा थबकतो आणि हळूच, अगदी अदबीनं, दरीत निघून जातो.

एवढ्यावर भागत नाही. प्रकाशकांनी स्वतःच सांगितलं की तिन्ही खेळांतल्या क्रॅशची चाल तिसऱ्या गेमवरून, म्हणजे १९९८ च्या ‘वॉर्प्ड’वरून, बेतली आहे आणि पहिल्या भागात उड्या मूळ खेळापेक्षा जास्त अचूक माराव्या लागतात. क्रॅश वर जातो तो तसाच, पण खाली येतो पूर्वीपेक्षा लवकर. आता गंमत बघा. लेव्हल्सचा, म्हणजे खेळातल्या टप्प्यांचा, सांगाडा मात्र मूळ खेळावरूनच घेतलेला. म्हणजे एकाच्या मापानं शिवलेला सदरा दुसऱ्याच्या अंगात चढवला आणि बटणं लागत नाहीत तर वजन कमी करा म्हणून सांगितलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात हा सदरा ठीक बसतो, कारण तिथे घसरून मारायची लांब उडी आहे, फळ्या रुंद आहेत. पहिल्या भागातल्या क्रॅशला मात्र गरागरा फिरणं आणि उडी मारणं, एवढ्या दोनच कला येतात. त्याच्याकडून आपण काय अपेक्षा करणार?

तरी शिव्या देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. रिमेक करणाऱ्या व्हिकेरियस व्हिजन्सकडे मूळ गेमचा चालू कोड नव्हता. हाती आले ते लेव्हल्सच्या आकारांचे जुने सांगाडे. चाल, उडी, धडक, सगळं त्यांनी नजरेनं पाहून नव्यानं बांधलं. पाककृती हरवली असताना चवीवरून पदार्थ पुन्हा करण्यासारखं हे काम. ते इतकं जमलं याचंच मला जास्त नवल वाटतं. मीठ एका ठिकाणी जास्त पडलं, एवढंच. ती जागा नेमकी फळीची कड निघाली, हे दुर्दैव.

दिसण्याबद्दल मात्र तक्रारीला जागाच नाही. १९९६ चा क्रॅश साधारण ५१२ बहुभुजांचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सपाट तुकड्यांचा, होता. अंगाला बहुतेक ठिकाणी सपाट रंग, आणि मान नाहीच. त्या काळच्या पडद्यावर ती दिसलीच नसती. म्हणून बनवणाऱ्यांनी सगळं भांडवल चेहऱ्यात ओतलं. मोठे डोळे, मोठे दात, मोठ्या भुवया. हा चेहरा टीव्हीपासून दूर बसूनही वाचता यायचा. नव्या क्रॅशच्या अंगावर केस मोजता येतात आणि तरीही त्याच्या चेहऱ्यावरचा मूर्खपणा शाबूत आहे. हे सोपं नसतं. तपशील वाढला की प्राणी शहाणा दिसायला लागतो. हा दिसत नाही.

आणि या गेमचा विनोद म्हणजे तरी काय? मरणं. संवाद फारसे नाहीत, कोट्या नाहीत. अंगावरून गोल धोंडा गेला की क्रॅश पापडासारखा चपटा होतो. जळला की राखेचा ढीग, त्यावर दोन डोळे आणि शेजारी बूट. कुणी हाणलं की पंख फुटून देवदूत होऊन वर जातो. केळीच्या सालीवरून घसरणाऱ्या माणसाचाच हा विनोद, फक्त इथे घसरणारे आपण असतो. म्हणूनच माझं गोल तळव्यांशी भांडण आहे, आणि ते अवघडपणाबद्दल नाही. साल दिसत होती आणि तरी पाय ठेवला, तर हसू येतं. साल नसलेल्या जागी पाय घसरला तर माणूस हसत नाही, फरशी बसवणाऱ्याचं नाव विचारतो. रिमेकमध्ये दहातली नऊ मरणं पहिल्या जातीची आहेत. दहावं दुसऱ्या जातीचं, आणि लक्षात राहतं ते दहावंच.

जुन्याला सोन्याचा मुलामा देणाऱ्यांना मात्र सेव्ह करण्याची आठवण करून द्यायला हवी. मूळ पहिल्या भागात मनात आलं म्हणून गेम सेव्ह करता येत नसे. एका लेव्हलमध्ये टॉना या मैत्रिणीची तीन चित्रं गोळा करायची, त्यातून बोनस फेरी उघडायची, ती न पडता पार करायची, मग सेव्ह. फेरीत पडलात तर लाइफ जात नसे. सेव्ह मात्र जाई. नाही तर हिरा मिळवायचा, आणि हिऱ्यासाठी एकदाही न मरता लेव्हलमधल्या सगळ्या पेट्या फोडायच्या. एखादी राहिली तर शेवटी राहिलेल्या पेट्या एकेक करून क्रॅशच्या डोक्यावर पडत. हिशेब चुकवणाऱ्याला इतकी समजेल अशी शिक्षा दुसरी नाही. रिमेकमध्ये गेम आपोआप सेव्ह होतो, बोनस फेरी पुन्हा खेळता येते, आणि साध्या हिऱ्यासाठी मरण माफ आहे. ‘न मरता’ची अट रंगीत हिऱ्यांपुरती उरली आहे. ‘स्लिपरी क्लाइम्ब’मध्ये, म्हणजे पावसात भिंतीतून आत-बाहेर सरकणाऱ्या पायऱ्यांच्या लेव्हलमध्ये, लाल हिरा मिळवायला बसलात तर मूळ गेमचा निष्ठुरपणा किती अस्सल होता ते कळेलच. आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही तर ‘स्टॉर्मी असेंट’ आहे. ही लेव्हल अति अवघड म्हणून १९९६ मध्ये बनवणाऱ्यांनीच वगळली होती. रिमेकच्या लोकांनी ती शोधून, घासूनपुसून २०१७ च्या जुलैमध्ये पुन्हा वाढली. माणसं पाहुण्यांना काय काय वाढतात!

आता मुख्य स्मशान. ‘रोड टू नोव्हेअर’ आणि ‘द हाय रोड’ या दोन पुलांच्या लेव्हल्स. धुकं, दोन बाजूंना दोर, मध्ये फळ्या. काही फळ्या पाय ठेवताच तुटतात, काहींवर बर्फ असल्यानं पाय घसरतो आणि मधूनच रानडुकरं येरझाऱ्या घालत असतात. गोल तळव्यांना यापेक्षा वाईट सासर मिळणं कठीण. इथे टिकायचं तर काही सवयी मुद्दाम बदलाव्या लागतात.

पहिली म्हणजे ॲनालॉग स्टिक, म्हणजे कंट्रोलरवरची कुठल्याही दिशेला कलणारी दांडी, सोडा; डी-पॅड, म्हणजे चार दिशांची बटणं, धरा. १९९६ मध्ये प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला स्टिक नव्हतीच, म्हणून हा सगळा पूल सरळ रेषेत चालणाऱ्यासाठी बांधलेला आहे. स्टिकवर अंगठा केसभर तिरका पडला की क्रॅशही केसभर तिरका जातो, आणि अशा सहा उड्या झाल्या की फळी उजवीकडे आणि आपण डावीकडे. दुसरी सवय, उडीचं बटण टिचकी मारून सोडायचं नाही. दाबून धरलं तर उडी उंच जाते. नवा क्रॅश लवकर खाली येत असल्यानं मिळेल तेवढी उंची घ्यावीच लागते. दिशेचं बटण उडीच्या आधी दाबायचं आणि पाय टेकेपर्यंत सोडायचं नाही. हवेत असताना घाबरून मागे खेचणाऱ्यांची संख्या मोठी आहे. ती मंडळी बरोबर दोन फळ्यांच्या मधोमध उतरतात.

आणि डोळे क्रॅशवर ठेवायचे नाहीत, त्याच्या सावलीवर ठेवायचे. कॅमेरा पाठीमागून असल्यामुळे पुढची फळी नेमकी किती लांब ते डोळ्याला कळतच नाही. सावली मात्र खोटं बोलत नाही: ती फळीवर पडली तर तुम्ही फळीवर, दिसेनाशी झाली तर तुम्हीही. तीही फळीच्या कडेवर नाही, पोटात पडायला हवी. कडेवर पडली असेल तर टेकताक्षणीच पुढची उडी मारा, थांबून श्वास घ्यायला जाऊ नका. तळवे घसरायला क्षणभर घेतात आणि तेवढा क्षण आपला असतो. ‘हाय रोड’वर भेटणाऱ्या कासवांवर उतरलं की ती उलटी होतात, मग त्यांच्या पोटावरून उसळी घेता येते, इथेही बटण दाबून धरलं तरच पलीकडची फळी गाठेल.

एवढं करूनही एकाच जागी वारंवार मेलात तर गेमला दया येते. ही दया मूळ बनवणाऱ्यांनीच घातली होती. खेळणारा फार मरतोय असं दिसलं की त्याला गुपचूप मदत करायची, धोंडे जरा हळू सोडायचे, चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून पुन्हा सुरू करता येतं ती जागा, वाढवायचा, आकू आकू नावाचा रक्षक मुखवटा द्यायचा. मुखवटा असला की एक फटका माफ. कल्पना थोर आहे, फक्त मुखवटा फटक्यापासून वाचवतो, दरीपासून नाही. पुलावरची बहुतेक मरणं दरीची. म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर कुणीतरी आदरानं हेल्मेट ठेवावं तसा तो मुखवटा आपल्याबरोबर खाली येतो.

राहता राहिली दोरी. पुलाच्या कडेचा दोर नुसता शोभेचा नाही, त्यावर चढून चालता येतं. मूळ गेममध्ये खेळाडूंनी ही पळवाट शोधली होती आणि रिमेकमध्येही ती शाबूत आहे. सुरुवातीच्या फळीवरून तिरकी उडी मारून दोरावर टेकायचं आणि मग डी-पॅडवर फक्त ‘वर’. डावं-उजवं बटण अस्तित्वातच नाही असं समजायचं. डुकरं खाली येरझाऱ्या घालत राहतात, फळ्या आपल्या आपण तुटत नाहीत, कासवं वाट बघत बसतात. पेट्या मात्र फळ्यांच्याच बाजूला असतात, म्हणून हिरा हवा असेल तर उतरावं लागतंच. पण नुसतं पलीकडे जायचं असेल तर ज्या तळव्यांना हातभर रुंदीची फळी पुरत नव्हती, त्यांना बोटाएवढा दोर पुरतो. कॅप्सूल दोरावर कशी उभी राहते, ते चालताना विचारायचं नाही. विचारताना अंगठा हलतो.